चौथीच्या तेरा मुलांपैकी चौघांनाच वाचता येतं. पुस्तक पुढे नेऊ की थांबू?

वर्गशिक्षिका, मानेवाडा (नागपूर) · ११ जुलै

नमस्कार. मी मानेवाड्याला राहते आणि उमरेड रोडने रोज ४६ किलोमीटर जाऊन एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. नोकरीला १९ वर्षं झाली. शाळा पहिली ते चौथी, पट ३८, शिक्षक दोन. गेली काही वर्षं माझ्याकडे पहिली-दुसरी होती, यंदा तिसरी-चौथी आली.

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते. पहिल्या आठवड्यात मी पुस्तकं वाटली, पण धडा सुरू केला नाही. व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि चौथीच्या एकेका लेकराला जवळ बसवून दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला सांगितला. चौघांनी वाचला. पाच जण शब्द वाचतात, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून जातात. तिघं वेलांटी-उकारावर अडतात. आणि एक मुलगी 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' यांतला फरक ओळखत नाही. दसऱ्यापासून ती आईसोबत कापूस वेचायला जाते, आणि संक्रांतीनंतर घरचे मिरची तोडायला तेलंगणात जातात तेव्हा तीही जाते. हजेरीपटावर तिचं नाव मात्र वर्षभर असतं.

एका मुलाने 'पेरू' हा शब्द अगदी बरोबर वाचला आणि माझ्याकडे बघत राहिला. पेरू म्हणजे काय, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या अंगणात झाड आहे, पण आमच्याकडे त्याला जाम म्हणतात. मी सांगितल्यावर तो हसला आणि पुढची ओळ न अडखळता वाचली.

आता मला छळणारी गोष्ट. या तेरापैकी बारा मुलं पहिली-दुसरीत माझ्याच वर्गात होती. प्रगतिपत्रकावर ब-१ च्या खाली एकही नाही, आणि त्या श्रेणी मीच लिहिल्या आहेत. तेव्हा धडे पूर्ण झाले, वह्या तपासल्या गेल्या, तक्ते भरले गेले. पण प्रत्येक मूल एकटं वाचू शकतं का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तर प्रश्न दोन. महिना-दीड महिना चौथीचं पुस्तक बाजूला ठेवून फक्त वाचन घेतलं तर चूक होईल का? घटक चाचण्या येतील, संकलित येईल, आणि 'नियोजनाप्रमाणे धडा का नाही झाला' असा शेरा पडेल. दुसरा प्रश्न मोठा आहे. देशाची शाळा सुधारायची म्हणून धोरणं येतात, नावं बदलतात. तुमच्या हाती असतं तर सगळ्यात आधी कशाला हात घातला असता? अनुभव असलेल्यांनी लिहावं.

निवृत्त केंद्रप्रमुख, काटोल · ११ जुलै

मॅडम, पुस्तक थांबवा. आधी हे उत्तर घ्या, बाकीचं नंतर वाचा.

मी १९८८ साली लागलो तेव्हा एका खोलीत चार वर्ग भरायचे, आणि छत गळायला लागलं की शाळा मारुतीच्या देवळात. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून खडू-फळा मोहीम आली, म्हणजे शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा आणि नकाशे. १९९५ पासून पोषण आहार. सुरुवातीला मुलांना घरी न्यायला कोरडा तांदूळ मिळायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या म्हटलं आणि पुढे खिचडी आली. त्याच सुमारास सर्व शिक्षा अभियान, २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून तो लागू. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि ते खरं काम होतं. ज्या तांड्यावरून एक पोरगी शाळेत येत नव्हती तिथल्या पोरी आज बारावी करताहेत. कुणी 'सरकारने काहीच केलं नाही' म्हटलं की मला राग येतो.

पण आम्ही शाळेत पोचवलेली मुलं वर्गात काय करतात, हे बघायची सवय व्यवस्थेला लागली नाही. माझ्या शाळाभेटीच्या नमुन्यात शौचालय, पाण्याची टाकी, तांदळाचा शिल्लक साठा, हजेरी, टाचण, मूल्यमापन नोंदी, समितीच्या सभेचं इतिवृत्त, सगळ्याला रकाना होता. मूल जवळ घेऊन 'वाच बेटा' म्हणायला रकाना नव्हता. एका दिवसात दोन शाळा करायच्या, मग जे रकान्यात नाही ते राहून जायचं. निवृत्तीनंतर नातीला वाचायला शिकवताना हे लक्षात आलं आणि फार लागलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. केंद्रप्रमुखाच्या हातून कागद काढा. महिन्याला प्रत्येक शाळेत एक पूर्ण सकाळ, काम एकच: मुलांचं वाचन ऐकणं आणि मग गुरुजींसोबत बसून उद्या काय करायचं ते ठरवणं. शेरा द्यायचा नाही.

थोडं जुनं सांगतो, आपल्याच भागातलं. २२-२३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात परिषद भरली आणि गांधीजींची नयी तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली गेली. त्याच काळात नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात रविशंकर शुक्लांनी विद्या मंदिर योजना काढली. गावाने जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून शाळा, गुरुजींचा पगार चालवायचा. दोन्हींत हेतू मोठा होता. पण शाळा कशावर चालेल आणि तिथे कोणतं काम शिकवायचं यावर जितकं बोललं गेलं, तितकं सहा वर्षांचं पोर पहिलं वाक्य कसं वाचेल यावर बोललं गेलं नाही, असं मला वाटतं.

हिंगण्याचा फिटर · १२ जुलै

मॅडम, तुम्ही खरं लिहिलं म्हणून मीबी खरं सांगतो. मी एमआयडीसीत फिटर आहो. माझ्या पोराला दुसरीत असताना सरकारी शाळेतून काढलं आणि इंग्लिश मीडियममध्ये टाकलं. वर्षाची फी २८ हजार, ऑटोचे वेगळे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, खाजगी शाळेतल्या २५ टक्के फुकट सीटांत दोनदा फॉर्म भरला होता, लॉटरीत नंबर लागला नाही. २०२४ मध्ये तर सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असली तर खाजगीतली आरटीईची सीट नाही, असा नियम निघाला होता. हायकोर्टाने जुलैत तो रद्द केला, पण तोवर आमचं वय निघून गेलं.

काऊन काढलं ते विचाराल. शेजारच्या सगळ्यांनी काढलं. पोरगा आता पाचवीत आहे. इंग्रजी धडा फाडफाड वाचून दाखवते, मी 'याचा अर्थ सांग बापा' म्हटलं की गप्प. मराठी पेपरातली बातमी वाच म्हटलं तर तिथंबी अडकून राह्यला. म्हणजे पैसेबी गेले आणि भाषाबी गेली. तुमी त्या व्हरांड्यात बसून जे केलं ते माझ्या पोरासाठी ना त्या शाळेत कोणी केलं ना या शाळेत. तसं करणारी शाळा माझ्या घराजवळ असती तर मी पोराला तिथंच ठेवलं असतं, फुकट आहे म्हणून नाही, शिकवतात म्हणून.

आकडेमोड (मूळ नंदनवन, सध्या पुणे) · १३ जुलै

मॅडम, पहिल्या प्रश्नावर भारतातच केलेलं काम आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

'प्रथम' संस्थेची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल: इयत्ता विसरा, मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवा, अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, परिच्छेदवाले एकीकडे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अनेक राज्यांत तपासली. मला त्यातला फरक फार शिकवून गेला. बिहार-उत्तराखंडात सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, पण शाळेच्या नेहमीच्या तासांत वेगळी वेळ दिली नाही. अभ्यासक्रमाने सगळं गिळलं आणि वाचन फारसं सुधारलं नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शिक्षकच होते, पण रोजचा एक तास फक्त यासाठी राखला, त्या तासात मुलं पातळीनुसार बसवली आणि वरचे अधिकारी वर्गात येऊन मदत करत राहिले. तिथे हिंदी वाचन सुधारलं. म्हणून माझा सल्ला: पुस्तक पूर्ण बंद करू नका, रोज दीड तास वाचनासाठी राखा, आणि तिसरी-चौथी एकत्र करून पातळीने बसवा. तुमच्या सहकाऱ्यांची दुसरीही त्यात घेता आली तर उत्तम.

तुम्ही एकट्या नाही. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हा आकडा १६.३ होता. लहान मुलांना वाचन-गणित यावं म्हणून केंद्राचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यानंतर वळण लागलेलं दिसतं. पण चारातली तीन मुलं अजून बाहेरच आहेत.

दुसऱ्या प्रश्नावर ब्राझीलचं सोब्राल. सेआरा नावाच्या गरीब, दुष्काळी राज्यातलं शहर. २००० च्या सुमारास तिथे दुसरीच्या जवळपास निम्म्या मुलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी एकच ध्येय धरलं: दुसरी संपेपर्यंत प्रत्येक मूल वाचेल. प्रत्येक मुलाचं वाचन शाळेबाहेरची माणसं ठरावीक काळाने ऐकू लागली. मुख्याध्यापक राजकारण्यांच्या शिफारशीने नेमले जायचे, ते परीक्षा आणि मुलाखतीने निवडले जाऊ लागले. २०१५ आणि २०१७ मध्ये देशाच्या शैक्षणिक निर्देशांकात सोब्राल पहिलं आलं. मधल्या काळात राज्याने २००७ मध्ये कायदा केला की राज्याला स्वतःच्या नियमाने नगरपालिकांना वाटता येणाऱ्या कराच्या हिश्श्यात सगळ्यात मोठं वजन शिक्षणाच्या निकालाला राहील. मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की चांगल्या शाळेला बक्षीस मिळतं, पण त्याचा एक भाग एका मागे पडलेल्या शाळेला हात देऊन वर आणल्यावरच.

आपल्याकडे पैशाची चर्चा कोठारी आयोगापासून राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांवर अडली आहे. १९६६ चा अहवाल तेच सांगतो, ५४ वर्षांनी २०२० चं धोरण तेच सांगतं. पैसा हवाच. पण तो कशासाठी सोडायचा हे सेआराने ठरवलं, तसं आपण ठरवलेलं नाही. आणि हेही सांगायला हवं की सोब्रालने लहान शाळा एकत्र करून मोठ्या केल्या.

वर्गशिक्षिका, मानेवाडा · १३ जुलै

दीड तासाचं पटलं, उद्यापासूनच. पण शाळा एकत्र करण्याबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. आमच्या गावापासून पुढची शाळा साडेतीन किलोमीटर आहे आणि मध्ये नाला. पावसाळ्यात दर वर्षी काही दिवस पाणी रपट्यावरून जातं. शिक्षण हक्काच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे, ते उगाच नाही. बसची हमी कागदावर येते आणि डिझेलच्या बिलावर थांबते. त्या दिवशी घरी कोण राहतं? आधी मुली, मग धाकटी भावंडं. अठरा मुलांच्या शाळेतही चांगलं शिकवता येतं, दोन शिक्षक खरोखर वर्गात असले तर.

नवी शिक्षिका, रामटेक तालुका · १४ जुलै

ताई, 'खरोखर वर्गात असले तर' यावरच लिहायला आले. मी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल, असं करत चार वर्षं वाट बघून लागले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे आम्हाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढंच अशैक्षणिक काम देता येतं. पण 'निवडणूक' या एका शब्दात वर्षभराचं मतदार यादीचं काम बसतं. शिवाय ऑनलाइन माहिती: तीच मुलं, तीच जन्मतारीख, तीन ठिकाणी. गावात नेटवर्क नसलं की मी टेकडीवर जाते आणि वर्ग सहकाऱ्यांकडे. गेल्या सत्रात मी किती दिवस पूर्ण वेळ शिकवलं हे डायरीतून मोजलं, तर पाच दिवसांत साडेतीन निघाले.

डिसेंबरात अधिवेशनावर मोर्चा निघतो तेव्हा यशवंत स्टेडियमवर मीही बसले होते. मागण्या पगाराच्या, पेन्शनच्या होत्या आणि त्या रास्त आहेत. पण 'आम्हाला शिकवू द्या' ही मागणी फलकावर सगळ्यात खाली होती. ती वर आणावी असं मला मनापासून वाटतं. पालक मग आमच्या शेजारी उभे राहतील.

निवृत्त केंद्रप्रमुख, काटोल · १४ जुलै

बेटा, हे संघटनेच्या सभेत बोल. आणि मॅडम, मी सोप्या शब्दांतले छोटे परिच्छेद हाताने लिहून ठेवले आहेत, नातीसाठी केले होते. व्यक्तिगत निरोपात पत्ता द्या, पाठवतो. त्यात पेरू नाही, जाम आहे.

वर्गशिक्षिका, मानेवाडा · १० ऑगस्ट

विचारणाऱ्यांसाठी लिहिते. रोज परिपाठानंतर दीड तास, दुसरी-तिसरी-चौथी मिळून २९ मुलं, चार गट. माझ्या सहकाऱ्यांनी एकही प्रश्न न विचारता हो म्हटलं. काटोलच्या सरांचे परिच्छेद रोज वापरते. सोबत मुलांनी सांगितलेल्या गोष्टी मी त्यांच्याच बोलीत फळ्यावर लिहिते आणि त्याच वाचायला देते. शेंगदाणे न लिहिता फल्लीदाणे लिहिलं की वाचायचा वेग बदलतो. प्रमाण शब्द शेजारी लिहून ठेवते, तो दोन-चार दिवसांत आपोआप येतो.

भेटीला आलेल्या साहेबांनी टाचण बघून धडा मागे असल्याचं सांगितलं. मी एवढंच म्हटलं, सर, तुम्ही स्वतः ऐका. ते खाली सतरंजीवर बसले आणि सहा मुलांचं वाचन ऐकलं. शेरा लिहिलाच, पण जाताना गटांची यादी मोबाइलवर काढून घेतली आणि शेजारच्या शाळेला दाखवतो म्हणाले.

चौथीत आता आठ जण उतारा वाचतात. एक मुलगा पुढे सरकलेला नाही, त्याचे डोळे तपासायला आईला सांगितलं आहे. कापसावर जाणारी मुलगी 'म' आणि 'भ' आता चुकवत नाही, तीन-चार अक्षरी शब्द लावते, जोडाक्षर आलं की बोट थांबतं. पोळा, मारबत, गणपती सोडून दसऱ्यापर्यंत माझ्याकडे ३९ दिवस आहेत. तिच्या आईशी बोलले. 'निदान दुपारपर्यंत शाळेत येऊ द्या, मग वेचायला न्या,' असं म्हटलं. आई 'बघतो' म्हणाली.

तेलंगणाच्या सीमेकडे शिकवणारं कुणी इथे आहे का? मिरचीच्या दिवसांत ती ज्या गावी जाते तिथे जवळच्या शाळेत तिला बसू देतील का, आणि तिथे मराठी वाचन चालू ठेवायला मी तिच्याजवळ काय देऊ, हे मला हवं आहे.