बाळ येशू आणि वायनरी एकाच दिवशी, पॅरिशच्या ग्रुपला जमेल का?

वसईकर_आगाशी
नमस्कार मंडळी, 2027 च्या फेब्रुवारीत आमच्या पॅरिशमधून (चर्चच्या मंडळींची) एक बस नाशिकला न्यायचं ठरतंय. आजी-आजोबापण आहेत, कॉलेजची पोरंपण आहेत. नाशिकरोडला बाळ येशूच्या देवळात मिस्सा (चर्चमधली उपासना), नोव्हेनाची प्रार्थना आणि मग परत, असं नेहमीचं. पण यावेळी पोरं म्हणतायत की गंगापूर धरणाकडे सुला वायनरी आहे तिकडे पण जाऊया, वाईन टेस्टिंग करूया. दोन-तीन ज्येष्ठांना हे पटलेलं नाही, म्हणतात यात्रेला निघालोय की पिकनिकला. मला दोन्ही बाजू कळतात. एका दिवसात बसतं का, आणि बसवावं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

गंगापूररोडवाला
नाशिकचाच आहे म्हणून सांगतो, बसतं पण पहाटे निघालात तरच. भिवंडीच्या आधी-नंतरचं ट्रॅफिक आणि कसारा घाट धरून चार तास पकडा, वर सिंहस्थाची कामं आहेत त्यामुळे शहरात जास्तीचा वेळ ठेवा. बाळ येशूचं देऊळ नाशिक-पुणे रोडवर आणि सुला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गाडीने जवळजवळ तास मोडतो. आणि मेन यात्रेच्या शनिवार-रविवारी, म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या वीकेंडला, हा बेत अजिबात करू नका, त्या दोन दिवसांत मुंबई, वसई, गोवा, कुठकुठून लोक येतात, मराठी, इंग्रजी, कोकणी, तमिळ अशा एकामागून एक मिस्सा चालू असतात, तिथून बस बाहेर काढेपर्यंतच दुपार होते.
टेस्टिंगचं आधी फोन करून बुक करा, बस घेऊन अचानक गेलात तर वीकेंडला उभं राहावं लागतं. जानेवारी ते मार्च द्राक्षं काढायचा सीझन, ते बघण्यासारखं असतं, आपल्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी करून हिवाळ्यात फळ धरतात, युरोपात नेमकं उलटं असतं. ज्यांना प्यायची नाही त्यांनीही ही फेरी करावी, टाक्या, पिंपं सगळं दाखवतात.

जेसीनाची_आई
मी ज्येष्ठांच्या बाजूने बोलते जरा. त्यांना वाईनचा राग नाहीये हो, वसईत नाताळला घरची वाईन कोण करत नाही? आणि काना गावच्या लग्नात येशूने काय केलं ते लहानपणापासून ऐकतोय सगळे. त्यांना वाटतं ते असं की मिस्सा म्हणजे वायनरीला जाण्याआधीचा एक स्टॉप होऊन बसेल, फादर प्रवचन करतायत आणि मागे कोणीतरी घड्याळ बघतंय. हे त्यांचं म्हणणं खरं आहे आणि आयोजकांनी ते मनावर घ्यायला पाहिजे. म्हणून मिस्सा सकाळीच, टेस्टिंगनंतर तर मुळीच नाही, कम्युनियनच्या आधी एक तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नसतं हे वेगळं सांगायला नको. मिस्सेनंतर निदान तासभर मोकळा ठेवा, म्हातारी माणसं मेणबत्ती लावतात, बाळ येशूसमोर बसून राहतात, नवस फेडायचे असतात, त्यांना "चला चला बस सुटते" करू नका, त्याच्यासाठीच ती आलेली असतात.
आणि एक, तारीख. 2027 मध्ये राखेचा बुधवार, ज्या दिवशी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो, तो 10 फेब्रुवारीला आहे. म्हणजे दुसरा वीकेंड उपवासकाळात पडतो. वाईन पापच आहे असं नाही पण उपवासकाळ सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत आणि पॅरिशची बस टेस्टिंगला, हे मलापण नाही आवडणार.

गंगापूररोडवाला
हे बरं सांगितलंत, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग 6 फेब्रुवारीचा शनिवार घ्या. त्याच्या आधीचा शनिवार 30 जानेवारी आहे, गांधीजींची पुण्यतिथी, ड्राय डे असतो, त्या दिवशी जाऊन उपयोग नाही.

डोंगरपट्टा
आमच्या गावचा ग्रुप असा गेला होता, देवळानंतर जेवण, मग बस वायनरीला, आणि ज्यांना जायचं नव्हतं त्यांच्यासाठी दुसरी छोटी गाडी केली ती शरणपूरला. तिथे मिशनऱ्यांची जुनी वस्ती होती, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायची, त्यातले काही पुढे आफ्रिकेत शोधमोहिमा करणाऱ्या लिव्हिंगस्टनबरोबर तिकडे गेले. आमच्या ज्येष्ठांना ते इतकं आवडलं की वायनरीवाले परत आले तर हे अजून गप्पाच मारत होते. लक्ष्मीबाई टिळकांचं जन्मगाव जलालपूरही नाशिकजवळच आहे, तेही विचारून ठेवा.
टेस्टिंगला नेणाऱ्यांना सांगून ठेवा, छोटे घोट असतात पण पाच-सहा ग्लास होतात, पोटभर जेवूनच जायचं, ड्रायव्हरला देऊ नका कोणी प्रेमानेसुद्धा, परतीला घाट आहे. पैसे वेगळे घ्या. बसचे आणि टेस्टिंगचे एकत्र केले की जे पीत नाहीत त्यांनी का भरायचे हा वाद निघतो, आणि तो रास्त असतो.

वसईकर_आगाशी
खूप खूप आभार. 6 तारीख आणि दुसरी गाडी, दोन्ही रविवारी मिस्सेनंतर कमिटीत मांडतो. जेसीनाच्या आई, तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं तर चालेल का?

जेसीनाची_आई
दाखवा की. आणि आमच्या गावातूनही चार-पाच जण येतील, जागा असली तर कळवा. मी शरणपूरच्या गाडीत.