आंब्याचा गाडीवाला गटानं कसा ठरवावा? भाडं, वेळ आणि कार्बन

देवगड_बागायत:
आम्ही गावातले बागायतदार मिळून वाशीला पेट्या पाठवतो. यंदा गाडीवाला ठरवताना कार्बनचाही हिशोब धरायचा, असं मी बैठकीत मांडलं. हवामान बिघडलं की पहिला मार मोहोराला बसतो. मग आपल्या मालामागे किती डिझेल जळतं ते आपणच बघायला हवं. पण मोठे काका बोलले की बाकीचे माना डोलावतात. हात वर करून ठरवलं तर स्वस्त भाडंच जिंकणार. प्रत्येकाचं मत खरोखर धरलं जाईल अशी पद्धत आहे का?

राजापूरकर:
ताई, चर्चेआधी प्रत्येकाकडून कागदावर लिहून घ्या. थॉमस साटी यांची एएचपी पद्धत इथे चालेल: दोन-दोन निकष समोरासमोर ठेवायचे आणि कुठला किती महत्त्वाचा ते 1 ते 9 मध्ये सांगायचं. मतं एकत्र करताना मात्र साधी सरासरी नको. एकानं भाडं कार्बनच्या 9 पट म्हटलं आणि दुसऱ्यानं बरोबर उलट, म्हणजे 1/9, तर सरासरी साडेचारच्या वर जाते. दोघं समान असून भाडं जिंकतं! भूमितीय मध्य, म्हणजे दोन मतांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, घेतला तर 1 येतो. सुसंगती गुणोत्तर, म्हणजे एकाच माणसाच्या तुलना एकमेकींशी किती विसंगत आहेत याचं माप, 0.1 च्या वर गेलं, तर त्या माणसाला तुलना पुन्हा करू द्या.

गाडीवाला_रत्नागिरी:
महत्त्व किती यावर मत घ्या, पण कुणाचा कार्बन किती यावर नको. तो मोजायचा. समजा जाऊन-येऊन 800 किलोमीटर, गाडी लिटरला 5 देते, म्हणजे 160 लिटर. लिटरमागे साधारण 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, झाले 429 किलो. पेट्या 400 असतील तर पेटीमागे किलोच्या वर. तीच गाडी परतीला दुसऱ्याचा माल भरून आली, तर परतीचं डिझेल त्या मालावर जातं आणि तुमची पेटी अर्ध्या किलोवर येते. इतका फरक नव्या गाडीनंही पडत नाही.

देवगड_बागायत:
हे फार उपयोगी आहे. रेल्वे धरावी का?

राजापूरकर:
धरा, पण शून्य लिहू नका. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं, तरी आपली बरीच वीज कोळशाचीच. बाग ते स्टेशन टेम्पोही मोजा. आणि वेळेला गुण न देता ती अट ठेवा. पहाटे मार्केटला न पोचणारा यादीतच नको, नाहीतर कमी भाड्याचे गुण उशीर झाकतात.

देवगड_बागायत:
परतीला माल असतो असं सगळेच सांगतील. खात्री कशी करायची?

गाडीवाला_रत्नागिरी:
गेल्या हंगामातल्या परतीच्या बिल्ट्या, म्हणजे माल भरल्याच्या पावत्या, मागा. ज्याच्याकडे नाहीत, त्याची परत रिकामी धरा.