बैठका मारताना गुडघे वाजतात, पण दुखत नाहीत

प्रश्न (बडोदे, स्त्री, वय ३६)

मी सकाळी घरीच, कोणतेही वजन न घेता, बैठका, पायरीवर चढउतार आणि भिंतीला पाठ लावून बसणे असा पायांचा व्यायाम करते. खाली जाताना दोन्ही गुडघ्यांतून बारीक करकर ऐकू येते, आणि वाटीवर तळहात ठेवला तर आत वाळू घासल्यासारखी थरथर हाताला जाणवते. डाव्या गुडघ्यातून पहिल्याच बैठकीला एकदा मोठा ‘कट्ट’ आवाज येतो, पण नंतर येत नाही. उताणे झोपून सरळ उचललेला पाय खाली आणताना जांघेतही काहीतरी ‘ठक्’ करून सरकते. वेदना किंवा सूज अजिबात नाही. गुडघ्यांतले वंगण संपत आले आहे, बैठका लगेच बंद कर, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. हे खरे मानावे का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, बडोदे)

तुम्ही तिन्ही आवाजांचे वर्णन नीट केले आहे, आणि त्यांची कारणेही बहुधा तीन निराळी आहेत. एकदाच येणारा ‘कट्ट’ हा सांध्यातील द्रवाचा दाब अचानक कमी होऊन त्यात वायूची पोकळी तयार झाल्याचा असू शकतो. बोटे मोडताना नेमके हेच घडते, असे २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी एमआरआयच्या साहाय्याने दाखवले. असा आवाज एकदा आला की साधारण वीस मिनिटे त्याच सांध्यातून पुन्हा निघत नाही, आणि तुमचा अनुभव याच्याशी जुळतो. प्रत्येक बैठकीला होणारी करकर मात्र वाटी मांडीच्या हाडावरील खाचेतून सरकताना होते. तेथील कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणात, वेदनेचे मज्जातंतू नसतात, म्हणून पृष्ठभाग थोडा खडबडीत असला तरी तेवढ्याने दुखत नाही. जांघेतील ‘ठक्’ बहुतेक वेळा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडाच्या उंचवट्यावरून सरकल्याचा असतो. वंगणाबद्दल सांगायचे तर हा द्रव सांध्याचे आतले अस्तर सतत तयार करत असते, तो भरून ठेवलेला साठा नव्हे. सांध्याची हालचाल कूर्चेच्या पोषणासाठी आवश्यक असते, त्यामुळे केवळ आवाजाच्या भीतीने बैठका सोडू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उत्तर (व्यायामशिक्षक)

जुम्मादादा व्यायाममंदिरामुळे बडोद्यात जोर-बैठकांची परंपरा जुनी आहे, आणि आपल्या पारंपरिक बैठकीत टाचा उचलून गुडघे बोटांच्या पुढे जातात, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. ही पद्धत चुकीची नाही, पण तिच्यात वाटीवर दाब अधिक पडतो. काही आठवडे टाचा जमिनीवर टेकवून, मागे खुर्ची ठेवून, तिला स्पर्श होईपर्यंतच खाली जा आणि उतरण्याचा वेग निम्मा करा. गुडघा आत न वळता पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो की नाही, हे आरशात पाहा. जांघेसाठी पाय थोडा बाहेर वळवून किंवा गुडघा किंचित वाकवून खाली आणा. बऱ्याच जणांचा ‘ठक्’ एवढ्यानेच थांबतो.

उत्तर

वरील उत्तरांशी मी सहमत आहे, तरीही आवाजाकडे कधीच लक्ष देऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये. मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांच्या दीर्घकालीन पाहणीत, ज्यांच्या गुडघ्यांत वारंवार करकर होत असे त्यांच्यापैकी अधिक जणांना पुढे वेदनादायक संधिवात झाल्याचे आढळले आहे. यावरून करकरीमुळे झीज होते असे सिद्ध होत नाही. मात्र गुडघा सुजू लागला, मध्येच अडकला, जिना उतरताना दगा देऊ लागला, किंवा पाय मुरगळताना आवाज होऊन लगेच सूज आली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पाय बाहेर वळवून खाली आणल्यावर जांघेतील आवाज खरोखरच थांबला. करकर आहे तशीच आहे, पण खुर्चीपर्यंतच्या बैठकीत तळहाताला जाणवणारी थरथर बरीच कमी वाटते. सासूबाईंना वंगणाचे स्पष्टीकरण वाचून दाखवले आहे. त्यांचे स्वतःचे गुडघे मात्र जिना उतरताना दुखतात, त्यामुळे आता प्रथम त्यांनाच तपासणीसाठी नेणार आहे.