नुसत्या तोंडी प्रसिद्धीवर धंदा चालतो का?

पारसिकवाला:
भाऊ कळव्यात एसी सर्व्हिसिंग करतो, तो आणि एक हेल्पर. आत्तापर्यंत सगळी कामं याने त्याला सांगूनच आलीत. आता एक पोरगा मागे लागलाय, इन्स्टा-फेसबुकवर जाहिरात करतो, महिन्याला दहा हजार द्या, आणि भाऊ अर्धा तयार पण झालाय. उन्हाळ्यात फोन उचलायला वेळ नसतो, पावसाळ्यात दोघं बसून. द्यावेत का पैसे?

घोडबंदरची_माई:
अजिबात नको. आमच्याकडे जो एसीवाला येईल त्याची एकच रड, गॅस संपलाय. मग शेजारणीने एकाला पाठवलं, त्याने बाहेरचं युनिट उघडून कॉइलवरचा बांधकामाच्या धुळीचा थर दाखवला, पाणी मारून धुतला आणि म्हणाला, ताई लीक नसेल तर गॅस जात नाही, नुसते सर्व्हिसिंगचे द्या. मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, आता अख्खी बी विंग त्यालाच बोलावते. काम काय सगळेच करतात हो, पण उगाच पैसे नाही उकळले हे लोक चार जणांना सांगतात.

नौपाडा_फास्ट:
+१. नील्सन या मार्केट रिसर्च कंपनीच्या २०१२ च्या सर्व्हेत ९२ टक्के लोकांनी ओळखीच्यांच्या सांगण्यावर भरवसा ठेवतो असं सांगितलं होतं. आणि सर्व्हे कशाला, आपल्या ठाण्यातली मामलेदारची मिसळ बघा की, पाहुणा आला की आपणच त्याला तिथे नेतो.

खारघरचा_वारा:
मिसळीचं वेगळं, ती मनात आली की खाल्ली. एसीवाला लागतो वर्षातून एकदा-दोनदा, तोवर नंबर कुठे गेला पत्ता नाही, फोनमध्ये ‘एसी’ नावाने चार जण सेव्ह. इनडोअर युनिटच्या बाजूला छोटा स्टिकर लावायला सांगा, नंबर आणि सर्व्हिसिंगची तारीख, कोणी विचारलं की लोक त्याचाच फोटो पाठवतात. गूगल मॅपवर पण नाव टाका, फुकट आहे, कळव्यातलं कौतुक खाडी ओलांडून ठाण्यात आपोआप नाही जात. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट मात्र नको, गूगलच्या नियमात बसत नाही.

पारसिकवाला:
स्टिकरचं पटलं. पण पावसाळ्याचं काय?

खारघरचा_वारा:
जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज टाका, ड्रेन पाइप तुंबून भिंतीवर पाणी गळतं त्याचा. आणि ते दहा हजार मे महिन्यात जादा हेल्परला द्या, फोन उचलत नाही ही बोंब पण ग्रुपवर तेवढीच फिरते.