पीएचडीनंतर कंपनीतली पहिली नोकरी : तुम्हाला कशी मिळाली?

खारूताई
परवा आमच्याकडे इंटरव्ह्यू होते, मला पॅनेलवर बसवलं होतं. एक मुलगा आला, मटेरियल सायन्समधली पीएचडी, थीसिस नुकताच सबमिट केलेला. शेजारच्या साहेबांनी विचारलं, एक्स्पीरियन्स? तो म्हणाला, फ्रेशर आहे सर. आणि त्यांनी फॉर्मवर सरळ शून्य लिहिलं. मी बघतच राहिले. अरे एवढी वर्षं हा पोरगा व्हॅक्यूम चेंबरशी झटतोय आणि तरी फ्रेशर? न राहवून मध्ये पडले, म्हटलं तुझ्या सिस्टिमचं प्रेशर खाली येत नसेल तर आधी काय बघतोस. गडी असा खुलला! ओ-रिंग, फ्लँज, हेलियमने लीक कसा शोधायचा, मग म्हणे कधीकधी लीक नसतोच मॅडम, चेंबर उघडा राहिला की आतल्या भिंती ओलावा धरतात, तो तापवून बाहेर काढायला लागतो, ज्युनिअर लोक उगाच लीक शोधत बसतात. साहेब पेन खाली ठेवून ऐकायला लागले.

तेव्हापासून माझी स्वतःची पहिली नोकरी डोक्यात घोळतेय. मलाही थीसिसबद्दल कुणी फारसं विचारलं नव्हतं. पेपरांची यादी पानभर लावली होती, ते पान कुणी उलटलंसुद्धा नाही. पण लॅबचं एक्सआरडी मशीन (एक्स-रेने स्फटिकांची रचना बघायचं) माझ्याकडे असायचं, बुकिंग, बाहेरून आलेले सॅम्पल, कोण मशीन तसंच चालू टाकून घरी गेलं त्याची भांडणं, त्यावर अर्धा तास बोलणं झालं. माझं तर ठाम मत झालंय की पीएचडी खपते ती थीसिसच्या शीर्षकावर नाही, त्या काळात गळ्यात पडलेल्या बिनमहत्त्वाच्या कामांवर खपते. पटत नसेल तर भांडा. पण आधी आपापले किस्से लिहा, विषय कुठलाही चालेल.

उंटावरचा
भांडतो :) आमच्याकडे थीसिसच विचारला, तोही सोलून सोलून. सिंथेटिक ऑरगॅनिक. पाऊण तासाचा टॉक, मी आपला स्लाइडमागून स्लाइड रिअ‍ॅक्शन दाखवतोय. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला, ही स्टेप २० ग्रॅमऐवजी २० किलोवर करायची तर? आणि ती स्टेप म्हणजे उणे ७८ डिग्रीला ब्यूटाइल लिथियम, सॉल्व्हंट इथर, शेवटी कॉलम, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून सोडून शुद्ध करायचं. त्यांनी शांतपणे एकेक खिळा काढला. बॅच वाढली की आकारमान घनाच्या पटीत वाढतं आणि पृष्ठभाग वर्गाच्या पटीत, म्हणजे उष्णता बाहेर काढायला त्या मानाने जागा कमी, फ्लास्कमध्ये पाच मिनिटांत घातलेलं रिएजंट रिअ‍ॅक्टरमध्ये तासन्‌तास घालत बसावं लागतं, तोवर तुमचं इंटरमीडिएट टिकतं का? इथर ३५ डिग्रीच्या आत उकळतं आणि भडकन पेटतं, प्लँटमध्ये कोण घेऊ देईल, २-मिथाइल टीएचएफमध्ये करून बघितलं का? आणि कॉलमऐवजी काय? या शेवटच्याला मात्र उत्तर होतं. एकदा लॅबमधली सिलिका संपली होती म्हणून नाइलाजाने क्रिस्टल पाडले होते, यील्ड घसरलं पण प्युरिटी मस्त आली, थीसिसमध्ये त्याचं जेमतेम एक वाक्य आहे. पुढचा सगळा वेळ त्या वाक्यावर गेला, कुठलं सॉल्व्हंट, थंड किती वेगाने केलं, सीडिंग केलं का. प्रोसेस केमिस्ट्रीत घेतलं मला.

खारूताई
म्हणजे सिलिका संपली म्हणून नोकरी लागली. हा तर माझाच मुद्दा झाला की हो!

उंटावरचा
हरलो.

टिपकागद
वाचतेय. बाळ झोपलं की लिहिते.

रेडिओलहर
मी पल्सारवाला, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देणारे तारे. आता कंपनीत मागणीचा अंदाज काढतो, पुढच्या महिन्यात कुठल्या गोदामात काय किती लागेल वगैरे. वरवर बघितलं तर संबंध शून्य पण दोन्हीकडे गोंगाटात दडलेली आवर्तनं शोधायची असतात आणि दोन्हीकडे अर्धा डेटा खराब असतो, तिकडे रडार नाहीतर मोबाइलचा व्यत्यय आणि इकडे कुणीतरी डझनाच्या रकान्यात नग भरून ठेवलेले. पहिली फेरी एसक्यूएलची (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) होती आणि आमच्या फील्डमध्ये एसक्यूएल वापरतंय कोण, सगळं पायथन आणि फाइलींचे ढिगारे, मग रात्री बसून जॉइन, ग्रुप बाय, विंडो फंक्शन्स वगैरे घोटलं, खरं सांगतो काही अवघड नाही, थोडे आठवडे नेटाने बसलं की येतं, उगाच घाबरून त्या नोकऱ्या सोडू नका. अवघड होती शेवटची फेरी. मॅनेजर बाई म्हणाल्या, तुमचं मॉडेल बाजूला ठेवू, मी मागच्या वर्षीचा याच महिन्याचा आकडा तसाच उचलून लावला तर त्याच्यापेक्षा तुम्ही किती सरस? कॉन्फरन्समध्ये हे कुणी विचारत नाही, तिथे मॉडेल जेवढं किचकट तेवढं कौतुक. मी म्हटलं आधी तेच मोजून बघेन, आणि फरक किरकोळ निघाला तर तुमचा मागच्या वर्षीचा आकडाच ठेवा, चालवायला स्वस्त पडेल. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि एकदम सुट्ट्यांची पॉलिसी सांगायला लागल्या, तेव्हा कळलं की झालं.

सांजसावली
खारूताई, त्या मुलाला घेतलं का नाही ते सांगितलंच नाहीस!

खारूताई
घेतलं गं. साहेबांनीच आग्रह धरला :D फॉर्मवरचं शून्य मात्र तसंच राहिलंय, पगार त्यावरून ठरतो म्हणून आता एचआरशी झगडा चालू आहे.

अर्धाकच्चा
मी अजून रांगेतच आहे. इम्युनॉलॉजी, दुसरा पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) संपत आलाय. अर्ज टाकला की एकतर काहीच उत्तर येत नाही नाहीतर दोन मिनिटांत रिजेक्शन, म्हणजे माणसाने वाचलेलंच नाही. एका एचआरने तोंडावर सांगितलं ओव्हरक्वालिफाइड आहात, त्याच आठवड्यात दुसरीकडे म्हणाले इंडस्ट्रीचा अनुभव नाही. एकच माणूस एकाच वेळी जास्त पण आणि कमी पण कसा असू शकतो. मित्र म्हणतो रेझ्युमेतून पीएचडी काढून टाक. काढू का?

भोवरा
अजिबात नको. मधली एवढी वर्षं काय हिमालयात होतास का विचारतील, मग काय सांगशील? आणि आत शिरल्यावर कळलंच की अजून पंचाईत.

उंटावरचा
काढू नकोस रे. मला वाटतं तू चुकीच्या पाटीखाली शोधतोयस. असोसिएटच्या जागेला अर्ज केलास की ओव्हरक्वालिफाइड, ग्रुप लीडरच्या जागेला केलास की अनुभव नाही. मधली सायंटिस्टची पायरी पकड. आणि सर्चमध्ये नुसतं इम्युनॉलॉजी टाकू नकोस, बायोअसे आणि पोटेन्सी टाकून बघ. अँटिबॉडी, लस असली औषधं बनवणाऱ्यांना प्रत्येक लॉट खरंच काम करतो का ते दाखवावं लागतं आणि त्यासाठी पेशींवरच्या चाचण्या, म्हणजेच बायोअसे, बसवणारी माणसं लागतातच. तू एलायझा, फ्लो, सेल कल्चर सगळं केलं असशील ना?

अर्धाकच्चा
हो तेच तर करतो दिवसभर. पोटेन्सी हा शब्द आमच्या लॅबमध्ये कुणी उच्चारत पण नाही. टाकून बघतो. थँक्यू दादा.

भोवरा
मला नोकरी मशीनने दिली. आमचा फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणारं मशीन) सारखा रुसायचा आणि सर्व्हिस इंजिनिअर यायला वेळ लागायचा म्हणून ते फोनवर सांगायचे आणि मी करायचो, ब्लीच फिरव, मग पाणी, बुडबुडा अडकलाय का बघ, मग बीड्स चालव आणि पीक रुंद दिसतंय का सांग. असं करता करता चांगली ओळख झाली. एक दिवस तेच म्हणाले आमच्याकडे अ‍ॅप्लिकेशन सायंटिस्टची जागा आहे, ग्राहकांना मशीन शिकवायचं, नाव देऊ का? मला तोपर्यंत अशी काही पोस्ट असते हेच माहीत नव्हतं. इंटरव्ह्यूला मशीनसमोर उभं केलं आणि हातात एक ट्यूब दिली, चालवून दाखवा म्हणाले. ट्यूब उजेडात धरली तर आत पेशींच्या गुठळ्या. म्हटलं ४० मायक्रॉनची जाळी आहे का, गाळल्याशिवाय मी हे तुमच्या मशीनला लावणार नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसले. नंतर कळलं, बहुतेक जण ट्यूब सरळ लावतात आणि लाइन चोक होते, ती परीक्षाच तेवढ्यासाठी असते. तेव्हा रेफरल रेफरल म्हणून लिंक्डइनवर अनोळखी लोकांना मेसेज पाठवण्याआधी लॅबमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोला, इंजिनिअर, रिएजंट विकणारे, सगळे. कुठे जागा निघतेय ते त्यांना आपल्या गाइडपेक्षा आधी कळतं.

रेडिओलहर
आमच्या लॅबमध्ये येणारा एकमेव बाहेरचा माणूस म्हणजे एसीवाला होता.

भोवरा
मग तिकडे मिळाली असती :))

सांजसावली
मी आत गेले आणि परत आले, तेही लिहिते, सगळेच किस्से लागल्याचे नकोत. नोकरी ओळखीने पटकन मिळाली, लॅब सुंदर, रिएजंट मागितलं की हजर, पोस्टडॉकमध्ये एका किटसाठी महिना महिना वाट बघितलेली त्यामुळे पहिले काही दिवस हरखलेच होते. प्रोजेक्ट पण छान चालला होता, डेटा स्वच्छ. एका सोमवारी मीटिंग झाली आणि बंद. विज्ञानात काही खोट नव्हती, कंपनीने त्या आजारावर काम करायचंच थांबवायचं ठरवलं. माझ्या शेजारच्या मुलीने फ्रीझरमधल्या खोक्यांवर लेबलं लावली, दुपारी नव्या प्रोजेक्टचं फोल्डर उघडलं आणि कामाला लागली, तिला ते जमत होतं. मला नाही जमलं, मी आठवडाभर जुनाच डेटा उघडून बघत होते. आता शिकवते, बरी आहे. ज्यांना इंटरव्ह्यूत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" असं विचारतात त्यांनी हे जरूर विचारा की मागच्या वर्षी किती प्रोजेक्ट बंद केले आणि त्यातल्या लोकांचं काय केलं.

खारूताई
सावली, हा प्रश्न मी चोरला. पॅनेलवर बसून मलाच कुणी विचारला तर घाम फुटेल पण.

टिपकागद
झोपलं एकदाचं. मी अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री, औषध कंपनीत. इंटरव्ह्यूतला एकच प्रश्न पक्का लक्षात आहे, वहीत चुकीचा आकडा पडला तर काय करता? आमचे सर व्हाइटनर दिसला की वही भिरकावायचे, एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही, तारीख, कारण. मनातल्या मनात किती शिव्या घातल्यात त्यांना. तेच उत्तर दिलं तर समोरचे गृहस्थ म्हणाले, हे आम्हाला नवीन माणसाला शिकवता शिकवता नाकी नऊ येतात. आत आल्यावर कळलं की याला अल्कोआ म्हणतात, कुणी लिहिलं ते कळलं पाहिजे, वाचता आलं पाहिजे, काम करतानाच लिहिलेलं पाहिजे, मूळ पाहिजे आणि अचूक पाहिजे. टिश्यूवर वजन खरडून संध्याकाळी वहीत उतरवणाऱ्यांनो, तुम्ही कोण ते तुम्हाला माहितीय, इकडे येताना ती सवय तिकडेच सोडा. आणि अ‍ॅनालिटिकलला अर्ज करणार असाल तर आयसीएचची (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) क्यू२ आर२ आणि क्यू१४ ही मार्गदर्शक पत्रकं वाचून जा, दोन्ही २०२३ च्या आहेत, फुकट मिळतात. आपण एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) जे सवयीने करतो, लिनिअ‍ॅरिटी, रिकव्हरी, रिपीटॅबिलिटी, तेच त्यांच्या भाषेत बोलता येतं, समोरच्याला वाटतं ही आधीपासून इथलीच आहे.
उठलं वाटतं. जाते.

अर्धाकच्चा
एक विचारू का, कंपनीत गेल्यावर पेपर छापता येतात का? गाइड म्हणतात तिकडे गेलास की संपलास.

कुणीतरी
गाइडना संख्याशास्त्रातली टी-टेस्ट कुठून आली विचार. गॉसेट गिनीजच्या बिअर कारखान्यात कामाला होता, कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती म्हणून १९०८ मध्ये 'स्टुडंट' या नावाने पेपर काढला. संपला म्हणे! आणि २००२ चं केमिस्ट्रीचं नोबेल बघ, कोइची तानाका, शिमाद्झू कंपनीतला इंजिनिअर, चुकून ग्लिसरीन आणि कोबाल्टची पूड एकत्र झाली तर टाकून न देता तेच रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला लावून बघितलं. त्याच्याकडे तर पीएचडी पण नव्हती, नुसता ग्रॅज्युएट.

रेडिओलहर
म्हणजे आपण सगळ्यांनी उगाचच केली.

उंटावरचा
छापता येतात, पण पेटंट आधी, मग लीगलची मंजुरी, मग पेपर, तोवर आपल्यालाच त्यात रस उरत नाही. आमच्या टीमचे निघतात अधूनमधून. गाइडचं मनावर घेऊ नकोस, माझ्या गाइडनी दोन महिने बोलणं टाकलं होतं, आता त्यांच्या विद्यार्थ्यांचे रेझ्युमे मलाच पाठवतात.

झुंबर
हा धागा भलत्या वेळी सापडला, उद्या व्हायवा (थीसिसची तोंडी परीक्षा) आहे आणि मी हे वाचतेय. प्युअर मॅथ्सवाल्यांचं काही होतं का कुठे? टोपॉलॉजी. माझ्याकडे मशीन नाही, सिलिका नाही, एसीवाला पण नाही.

रेडिओलहर
आमच्या टीममध्ये एक टोपॉलॉजीवाल्या आहेत. ट्रकांचे मार्ग ठरवतात, ऑप्टिमायझेशन. त्यांना विचारतो कशा शिरल्या ते. कोडिंग येतं का?

झुंबर
लॅटेक येतं, म्हणजे गणिताचे पेपर टाइप करायला 😬

रेडिओलहर
आधी व्हायवा द्या. मग एसक्यूएल.