मदत हवी आहे : सांगलीत फुकट किंवा कमी पैशात समुपदेशन कुठे मिळेल?

कृष्णाकाठची
सांगलीत फुकट थेरपी कुठे मिळते? निदान परवडेल अशी तरी? एका खाजगी ठिकाणी चौकशी केली, एका बैठकीचे ८०० रुपये आणि दर आठवड्याला या म्हणाले. महिन्याला तीन हजारांच्या वर जातात, आम्हाला ते झेपणार नाही. नेटवर शोधलं तर सगळं पुण्या-मुंबईचं निघतं. पत्ता आणि वेळ सांगा, घाई आहे.

मिरजकर
कोणासाठी हवंय? वय काय, त्रास काय? राहायला शहरात की तालुक्यात? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

कृष्णाकाठची
आईसाठी. त्रास मानसिक आहे म्हणूनच थेरपी विचारतेय ना. पत्ता असेल तर द्या.

वाळव्याचा शेतकरी
ताई, पैसे कशाला घालवता? इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेच पैसे घेत नाहीत. मी दोनदा जाऊन आलो, माणूस आतून धुऊन निघतो. आईंना पाठवाच.

अनघा_समुपदेशक
दादा, तुम्हाला गुण आला हे चांगलंच. पण काय होतंय हेच कळलेलं नाही, त्या बाईंना दहा दिवस मौनात बसवायचं? शिबिराच्या अर्जातही मानसिक त्रास, चालू औषधं हे विचारतात, ते उगीच नाही.
कृष्णाकाठची ताई, तीन गोष्टी सांगा. झोप किती लागते? कुठली गोळी चालू आहे का? आणि ‘जीव नकोसा झालाय’ असं काही बोलतात का? हे त्यांना सरळ विचारा. विचारल्यामुळे तसे विचार डोक्यात येतात हा गैरसमज आहे.

सातारा_रोड
साताऱ्यात परिवर्तन संस्थेचं व्यसनमुक्तीचं काम चांगलं आहे. माझ्या भावाची दारू सुटली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकांनाही पैसे लागत नाहीत.

कृष्णाकाठची
आईला दारूचा काही प्रश्न नाही हो!
बरं, सगळं लिहिते. आई ५८ वर्षांची, भिलवडीत भावाकडे असते. मी विश्रामबागला. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं, तीन दिवस माळ्यावर काढले. २०२१ ला परत. आता पाऊस लागला की झोपच नाही. रात्री दोन-तीनला उठते, बॅटरी घेऊन घाटावर जाते आणि पाणी कितव्या पायरीला आहे ते बघून येते. रेशनकार्ड, सातबारा, आधार सगळं दुधाच्या पिशव्यांत गुंडाळून उशाला. दिवसभर भावाला विचारते, सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं, कोयना धरणातून किती सोडलं. यंदा तर पाऊस उघडला तरी थांबलेली नाही. परवा घाटावर पाय घसरला, म्हणून घाई.
मरणाचं विचारलं. नाही म्हणाली. गोळी मेडिकलवाला देतो, झोपेची अर्धी.

मिरजकर
हे आधीच सांगायचं ना! आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. ज्यांनी ते बघितलंय त्यांना पाऊस वाजला की धस्स होतंच. माझ्या मावशीचंही तसंच.

कुपवाडचा
याला कर्नाटकातलं अलमट्टी धरण जबाबदार. आता उंची ५१९ वरून ५२४ मीटर करणार आहेत. मग तर सगळ्यांनाच गोळ्या लागतील.

मिरजकर
पुराची कारणं बघायला सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीमुळे पूर आला नाही असं म्हटलंय. पूररेषेत बांधकामं कोणी केली?

कुपवाडचा
समितीचं सांगू नका. आमच्या गल्लीत पाणी आठ दिवस हललं नाही.

बुधगावकर
पूरग्रस्तांच्या अनुदानाचं काय झालं? पंचनाम्यात नाव नसेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या.

कृष्णाकाठची
अलमट्टीसाठी वेगळा धागा काढा, हात जोडते.

अनघा_समुपदेशक
ताई, आधी गोळीचं. मेडिकलवाल्याच्या भरवशावर झोपेची गोळी घेऊ नये, बऱ्याच गोळ्यांची सवय लागते. पण रोज घेत असतील तर एकदम बंदही करू नका. रिकामी स्ट्रिप जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा.
आजच फोन करायचा तर १४४१६. टेली मानस, सरकारी आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतून बोलतात. आईंच्या आधी तुम्ही स्वतः बोललात तरी चालतं.
प्रत्यक्ष दाखवायला सांगलीचं सिव्हिल, म्हणजे वसंतदादा पाटील रुग्णालय. तिथे मानसोपचाराची ओपीडी आहे. वार आणि वेळ बदलते, म्हणून केस पेपरच्या खिडकीवर आधी विचारून घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ग्रामीण रुग्णालयांतही जातं, भिलवडीच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारलं तर जवळचं ठिकाण कळेल.

तासगाव_९
सिव्हिलला पैसे लागत नाहीत ना? २०२३ च्या १५ ऑगस्टपासून सरकारी दवाखाने फुकट झालेत.

अनघा_समुपदेशक
तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांसाठी आहे. सांगलीचं सिव्हिल मिरजेच्या मेडिकल कॉलेजशी जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. थोडी फी लागू शकते, पण ८०० च्या जवळपासही नाही. रेशनकार्ड बरोबर ठेवा.

वाळव्याचा शेतकरी
सरकारी डॉक्टर पाच मिनिटांत गोळी लिहून मोकळे. ऐकून कोण घेणार?

अनघा_समुपदेशक
गर्दी असते, खरं आहे. म्हणून घरूनच कागदावर लिहून न्या : त्रास कधीपासून, रात्री किती वेळा उठतात, कुठली गोळी. आणि ‘समुपदेशकांनाही भेटायचंय’ हे तोंडाने मागा, नाहीतर राहून जातं. थायरॉइडची तपासणीही विचारा, धडधड आणि झोप उडणं त्यानेही होतं.
एक घरच्यांसाठी. पाणी बघून आल्यावर आईंना घटकाभर बरं वाटतं, म्हणूनच परत जावंसं वाटतं. ओरडून ते थांबत नाही. कडी लावून कोंडू तर अजिबात नका. सध्या रात्री त्यांना एकटं सोडू नका. फेऱ्या हळूहळू कशा कमी करायच्या हे समुपदेशक बसून ठरवतील.

कृष्णाकाठची
भावाने बाहेरून कडी लावली होती. आज काढायला सांगितली, रात्री तो बरोबर जाणार आहे.
१४४१६ ला दुपारी लावला. मीच जास्त रडले. मग फोन स्पीकरवर ठेवला, आई बोलली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, पाण्यात काय काय गेलं? हे आजवर आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. आई म्हणाली, दोन शेरडं दाव्याला बांधलेली राहिली, सोडायला उतरताच आलं नाही. आम्हाला वाटायचं ती घरासाठी घाबरते.
सिव्हिलला परवा नेतेय. भिलवडीहून सकाळच्या एसटीने निघाले तर खिडकी उघडी सापडेल का? नंबर किती वाजेपर्यंत देतात? अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगा.