मदत हवी आहे: आई-बाबांना (७४ आणि ७८) घेऊन जैसलमेरच्या लक्झरी टेंटमध्ये राहावं का?

गव्हाची_खीर

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पार्श्वभूमी लांब आहे. चहा घेऊन बसा.

डिसेंबरच्या शेवटी आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. हॉल, केटरर, स्टेजवर सोफा असलं काहीही नको, असं दोघांनी निक्षून सांगितलंय. बाबांनी ३४ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. वाऱ्याचं कार्य, भूछत्र खडक, बारखाण (चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी), ऊर्मीचिन्हं. दरवर्षी फळ्यावर खडूने चंद्रकोर काढायचे आणि सांगायचे, "वारा इकडून, शिंगं तिकडे." मीही त्याच वर्गात बसलेय. पण या माणसाने आजवर वाळवंट पाहिलेलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत दरवर्षी गाव, आणि गावाला जाऊन आंबे. मागच्या महिन्यात जेवताना सहज म्हणाले, "एक रात्र वाळूत काढायला हवी होती." हवी होती! मला ते 'होती' लागलं.

तर ठरलं जैसलमेर. आम्ही पाच जण: आई, बाबा, मी, नवरा आणि १२ वर्षांची लेक. समच्या वाळूच्या टेकड्यांजवळच्या चार 'लक्झरी डेझर्ट रिसॉर्ट'कडून दर मागवले. एका टेंटचे एका रात्रीचे साडेसहा हजारांपासून एकवीस हजारांपर्यंत. फोटो मात्र चौघांचेही सारखेच. पांढरा टेंट, लाल गालिचा, पितळी कंदील, पलंगावर टॉवेलचा हंस. साडेसहा आणि एकवीस यांत नेमका फरक काय, ते हंस बघून कळत नाही.

आईचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. बाबांना बीपी आहे आणि रात्री तीनदा उठावं लागतं. टेंटमध्ये संडास-बाथरूम आतच असतं म्हणतात, पण म्हणजे नक्की कसं? थंडी किती असते? उंटावर बसवावं का? ३१ डिसेंबरला 'गाला डिनर' सक्तीचं आहे, त्याचे माणशी वेगळे पैसे. ते घ्यावं का? कोणी वयस्कर माणसांना घेऊन राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

रानवाटा

ताई, आधी एक करा. ३१ डिसेंबर सोडा. तारीख धरून बसू नका.

आम्ही दोन वर्षांपूर्वी ३० आणि ३१ समला काढले. जैसलमेरहून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर. रस्त्याच्या एका अंगाला वाळू आणि तिला लागून एकाशेजारी एक कॅम्प. प्रत्येकात मधे गोल अंगण, एक स्टेज, भोवती टेंट. सातला चहा-पकोडे आणि नाच-गाणं, मग जेवण, मग डीजे. आमच्या कॅम्पचा डीजे दहाला बंद झाला, मॅनेजरने शब्द पाळला. पण शेजारच्याचा बारापर्यंत आणि त्याच्या पलीकडच्याचा त्याहून पुढे. भिंतीला कान असतात म्हणतात, टेंटला तर भिंतच नसते. कापड दुहेरी असो की तिहेरी, रात्री एक वाजता पंजाबी ढोल थेट उशीत वाजतो. आणि आम्ही भरले होते एका टेंटचे चौदा हजार.

बुकिंगच्या वेळी मी विचारलं होतं, "शांत आहे ना?" उत्तर आलं, "एकदम शांत, सर." खोटं नव्हतं. सकाळी सहाला खरंच एकदम शांत होतं.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: तुमच्या कुंपणापासून शेजारचा कॅम्प किती पावलांवर आहे? लोकेशन मागवा आणि उपग्रह नकाशावर स्वतः बघा. पांढरे ठिपके मोजता येतात.

---

दगड_धोंडे

७८ व्या वर्षी टेंट कशाला? किल्ल्याजवळ चांगलं हॉटेल घ्या. पिवळ्या दगडाच्या हवेल्या बघा, संध्याकाळी गाडीने समला नेऊन सूर्यास्त दाखवा, आठला परत. गुडघा खूश, बीपी खूश, खिसा खूश. हौस म्हणून थंडीत कुडकुडायला लावायचं हे मला पटत नाही.

---

गव्हाची_खीर

@रानवाटा, ठिपके मोजले. एका 'एकांत' रिसॉर्टच्या दोन्ही बाजूंना मिळून सात कॅम्प आहेत. आभार.

@दगड_धोंडे, तुमचं म्हणणं रागाचं नाही, हिशोबाचं आहे, कळतंय. पण बाबांना सूर्यास्त नकोय, रात्र हवीय. सूर्यास्त त्यांनी गणपतीपुळ्याला पुष्कळ पाहिलेत.

---

सुईधागा

मी नर्स आहे आणि सासू-सासऱ्यांना घेऊन जानेवारीत राहून आलेय, म्हणून दोन्ही टोप्या घालून लिहिते.

थंडी: दुपारी स्वेटर काढावासा वाटेल इतकं ऊन. सूर्य गेला की वाळू तासाभरात गार. पहाटे पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो, आणि टेंटच्या आत बाहेरपेक्षा फार फरक नसतो. कापडच ते. ठाण्या-पुण्याची थंडी डोक्यातून काढून टाका. थर्मल, कानटोपी, लोकरीचे मोजे, रबरी गरम पाण्याची पिशवी. पिशवी घरून न्या, तिथे किटली मिळते.

आता सर्वांत महत्त्वाचं. थंडी वाजतेय म्हटलं की कॅम्पची पोरं प्रेमाने कोळशाची शेगडी टेंटमध्ये आणून ठेवतात. ती आत घेऊ नका. झोपताना तर अजिबात नाही. बंद टेंटमध्ये कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. शेकायचं तर बाहेर, उघड्यावर. आत फक्त विजेचा हीटर, तेल भरलेला रेडिएटरसारखा असला तर उत्तम. आणि हीटर रात्रभर चालतो की जनरेटर बंद केल्यावर तोही बंद होतो, हे विचारा. आमच्याकडे पहाटे चारला बंद झाला होता.

बाथरूम: 'स्विस टेंट' म्हणतात त्यात पलंगाच्या मागे पडदा किंवा चेन, आणि मागे कमोड, बेसिन, गिझर. साध्यात ती चेन खालपर्यंत येते आणि जमिनीवर कापडाची बोटभर ते वीतभर उंच पट्टी राहते. झोपेतल्या माणसाचा पाय नेमका तिथे अडकतो. महागड्यांत बाथरूमला दगड-विटांच्या पक्क्या भिंती, खरं दार आणि सपाट उंबरठा असतो. साडेसहा आणि एकवीसमधला तुमच्या बाबांच्या कामाचा फरक हाच. फोटो नको, व्हिडिओ मागवा: पलंगापासून कमोडपर्यंत चालत जाऊन काढलेला.

एवढं करूनही मी सासऱ्यांसाठी यूरिनलची बाटली नेली होती. आधी चिडले. दुसऱ्या रात्री स्वतःच विचारलं, "ती कुठे ठेवलीस?"

टेंटबाहेर दोरखंड ताणून खुंट्यांना बांधलेले असतात, अंधारात दिसत नाहीत. विजेरी प्रत्येकाच्या उशाशी.

उंट: आईंना नको. उठताना उंट आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे माणूस पुढे फेकला जातो, मग पुढचे पाय उचलल्यावर मागे. बसताना आधी पुढचे पाय दुमडतो, म्हणजे पुन्हा पुढे झटका. नवा गुडघा आणि म्हातारं कंबरडं दोन्हीला हे झटके वाईट. उंटगाडी मिळते, गादी टाकलेली, तिच्यात मजेत जा. वाळूत जीप उडवतात ती सफारी तर तुमच्या नवऱ्यालाही नको, चाळिशी उलटली असेल तर.

---

दगड_धोंडे

शेगडीचं माहीत नव्हतं. सुईधागा ताईंना +१. माझा प्रतिसाद अर्धा मागे घेतो.

---

टक्केटोणपे

दरांबद्दल. मिळालेला आकडा करासकट आहे का ते लेखी घ्या. एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांवर गेलं की जीएसटी थेट १८ टक्के, त्याखाली ५. त्यामुळे आठ हजारांचा टेंट आणि साडेसात हजारांचा टेंट यांत फरक पाचशेचा नसतो, दीड हजारांच्या वर जातो. घासाघीस करायची तर त्या रेषेच्या खाली आणायची. तसंच 'सफारी समाविष्ट' म्हणजे बहुतेक वेळा उंटावरून वीस मिनिटं. ती नको असेल तर तेवढ्या पैशांत उंटगाडी मागा.

---

खेजडी

मी मूळची सांगलीची, गेली काही वर्षं जोधपूरला. माझं मत: सम सोडा, खुहडीला जा. काही जण खुरी म्हणतात. जैसलमेरच्या नैर्ऋत्येला, अंतर समपेक्षा थोडं जास्त. वाळू कमी नाही, कॅम्प कमी आहेत. गाव अजून गाव आहे, संध्याकाळी शेळ्या परतताना दिसतात. खर्‍या अर्थाने पंचतारांकित हवं असेल तर चांदण गावाच्या बाजूला, जोधपूर रस्त्याकडे, मोठ्या खासगी जमिनीवर पक्क्या चौथऱ्यावरचे टेंट आहेत. आराम राजेशाही, पण ते झुडपी माळरान आहे, समोर टेकड्यांची रांग नाही. बाबांना टेकड्या हव्यात ना?

तर बाबांसाठी एक गंमत. फळ्यावरची चंद्रकोर बरोबरच आहे, बारखाणची शिंगं वारा जातो तिकडेच असतात. इथे वाळू हलवणारा खरा वारा उन्हाळ्यातला, नैर्ऋत्येकडून येणारा, म्हणजे शिंगं ईशान्येकडे. पण थरमध्ये बहुसंख्य टेकड्या बारखाण नाहीतच! त्या अन्वस्ताकार, म्हणजे इंग्रजी U सारख्या आहेत, आणि त्यांची शिंगं *उलटी*, वारा येतो त्या बाजूला. कारण झुडपं आणि गवत टोकांना धरून ठेवतं आणि मधला उघडा भाग वाऱ्याबरोबर पुढे सरकतो. बारखाणला मोकळी, बोडकी वाळू लागते, ती पश्चिमेकडे जैसलमेरच्या बाजूला मिळते. होकायंत्र द्या हातात आणि सोडा त्यांना. वाऱ्याकडचा उतार सौम्य आणि घट्ट असतो, त्यावरून आईही काठी घेऊन चढतील. पलीकडचा घसरता उतार लेकीसाठी.

येताना अकल गाठा, शहरापासून १७ किलोमीटर, बाडमेर रस्त्यावर. जुरासिक काळातले, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे दगड झालेले ओंडके जमिनीवर पडलेत. भूगोलाच्या मास्तरांना तिथून उठवावं लागेल.

जेवणात केर-सांगरी मागा. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. आईंना हे सांगा, त्या भाजीकडे वेगळ्या नजरेने बघतील.

करमणुकीबद्दल: कॅम्पच्या स्टेजवर सगळं एकाच भांड्यात ढवळलेलं असतं, डोक्यावर सात घडे, तोंडातून आग, मधेच कालबेलिया नाच. तुम्ही आधी फोनवर सांगा की डीजे नको, मांगणियार कलाकारांची (इथले पिढीजात लोकगायक) तासभर बैठक हवी, शेकोटीपाशी, माइकशिवाय. कमायचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजवणारा कोणी असेल तर बोलवा म्हणावं. पैसे कलाकारांच्या हातात द्या, कॅम्पच्या बिलात नको.

रात्रीसाठी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. अमावास्येच्या आसपासची रात्र धरलीत तर तारे, पौर्णिमेची धरलीत तर वाळू. दोन्ही एकदम मिळत नाही.

वाटेत माळढोक दिसला तर नशीब. इथे त्याला गोडावण म्हणतात, राष्ट्रीय मरु उद्यान जवळच आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला आता शोधूनही दिसत नाही.

---

गव्हाची_खीर

@खेजडी, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. 'शिंगं उलटी' इथे त्यांनी थांबवलं. कपाटावरची जुनी वही काढली, चष्मा पुसला, दहा मिनिटं काहीतरी बघत बसले. मग म्हणाले, "पाठ्यपुस्तकात जागा नसते सगळ्याला." आता ते रोज विचारतात, होकायंत्र घेतलंस का. मोबाईलमधलं चालत नाही त्यांना.

ठरलं ते असं. जानेवारीचा दुसरा आठवडा. जाताना बांद्र्याहून आठवड्यातून एकदाची थेट गाडी, येताना जोधपूरहून विमान (तिथपर्यंत २८० किलोमीटर मोटारीने, मधे पोकरणला जेवण). शहरात दोन रात्री, खुहडीला एक. 'एकच रात्र' हा दगड_धोंडे यांच्या हौस-हिशोबाला दिलेला मान.

खुहडीच्या कॅम्पवाल्याशी फोनवर बोलले. बाथरूमला दार आहे? "साहब को लेके आइए तो सही." हीटर रात्रभर? "आप आइए तो सही." शेवटी सुईधागांची युक्ती केली, व्हिडिओ मागितला. आला. पक्क्या भिंती, दार आहे, उंबरठा दोन बोटं उंच. त्याला म्हटलं, यावर लाकडी फळी उतरती टाकून ठेवाल का? म्हणाला, "माँजी के लिए बना देंगे." यावेळी 'आइए तो सही' म्हणाला नाही, म्हणून विश्वास ठेवला. कर धरून सात हजार आठशे, उंटगाडी आणि जेवणं त्यात. आगाऊ फक्त एक चतुर्थांश दिलेत.

शेवटचा प्रश्न, आईचा. वाळूत पायात काय घालायचं? बुटात वाळू जाते, चप्पल रुतते, आणि अनवाणी डॉक्टर नाही म्हणतात.

---

सुईधागा

जाड लोकरीचे मोजे, नुसते. दोन जोड न्या, एक वाळूत खराब करायला. बूट टेकडीच्या पायथ्याशी काढून ठेवायचे आणि परत घालायच्या आधी उलटे करून झटकायचे.

---

गव्हाची_खीर

मोजे. लिहून घेतलं. आई म्हणते सासऱ्यांच्या बाटलीचं दुकान कुठलं तेही विचार, पण बाबा खोलीत नसताना.